फुंकणीतला बार

१

गुरुवारी सकाळी सव्वासहाला उंद्रीत जो बार झाला तो अर्ध्या गावानं ऐकला, आणि सात वाजेपर्यंत उरलेलं अर्धं गावही आपण तो ऐकल्याचं छातीठोकपणे सांगू लागलं. वच्छलाबाई अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होत्या. थंडीचे दिवस, लाकडं ओलसर, धूर फार. त्यांनी लोखंडी फुंकणी तोंडाला लावली, फुंकर मारली आणि धाडकन आवाज झाला. शेजारच्या गीताबाई धावत आल्या तेव्हा वच्छलाबाई चुलीपासून हातभर मागं कलंडलेल्या होत्या. ओठ भाजलेले, जीभ भाजलेली, भुवया जळालेल्या. शब्द म्हणून फुटत नव्हता.

नऊच्या आत त्यांना बुलढाण्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. आणि दहाच्या आत गावानं गुन्हेगारही ठरवून टाकला. सून. सारिका.

राजकुमारला फोन आला तेव्हा तो बुलढाण्यात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, पोरांना पेढे वाटत होता. रसायनशास्त्राचा हा साधा मास्तर. पोटातल्या वायूंवर त्यानं तीन वर्षं घासून केलेल्या संशोधनाचा लेख एका मोठ्या नियतकालिकानं घेतला होता. पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर टाकून तो मोटारसायकलवर बसला. सारिका त्याची धाकटी बहीण. आई-वडील गेल्यावर तिचं लग्न त्यानंच लावून दिलेलं.

उंद्रीच्या त्या घरात सारिका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती आणि तिच्याजवळ कोणीही बसलेलं नव्हतं. तिची तीन वर्षांची पोर, पुष्पांजली, बापाच्या मांडीवर रडत होती. आईकडं जायला हात पसरत होती आणि गोकुळ तिला सोडत नव्हता.

"गोकुळराव, पोरीला द्या तिच्याजवळ," राजकुमार म्हणाला.

"माय वाचते का मरते त्याचा पत्ता नाई, भाऊ," गोकुळ म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तवर पोरगी माह्याजवळच राहीन."

ओसरीवर जमादार नारायणराव जबाब लिहीत बसले होते. त्यांचा मुलगा शिवम राजकुमारच्या हाताखाली शिकलेला, म्हणून त्यांनी सरांना बाजूला घेतलं.

"सर, चार बायांनी सांगतलं. काल दिवे लागायच्या वक्ती तुमच्या बहिणीनं सासूले काय म्हनलं? तुमच्या तोंडाले आग लागो. अन् सकाळी आग लागली."

"रागात माणूस बोलते, साहेब."

"बोलते ना. पन सगळ्याइचं असं खरं होत नाई. अन् रात्री फुंकणी घासून कोनं ठेवली? तिनंच. कबूल करते." नारायणरावांनी घड्याळात पाहिलं. "वरून फोनावर फोन हायेत. दिवस बुडाल्यावर बाईमानसाले अटक करता येत नाई, अन् महिला शिपाई आज चिखलीत अडकली हाय. उद्या सकाळी नऊले गाडी घेऊन येतो. म्हातारी गेली तर मंग कलम बदलन, सर. मंग माह्याही हातात काही राहनार नाई."

२

आता सांगायला हवं की राजकुमार काही शेरलॉक नव्हता. त्याला धड वाळलेलं लाकूडही ओळखता येत नसे. पण वायू, ज्वाला आणि स्फोट हे तो पंधरा वर्षं पोरांना शिकवत आला होता, आणि त्या दिवशी त्याच्या हाती तेवढंच होतं.

त्यानं आधी चूल पाहिली. चुलीवरचं पाण्याचं भांडं जागच्या जागी. राख जागच्या जागी. अर्धवट जळालेली लाकडंही हललेली नाहीत. चुलीत काही फुटलं असतं तर राख अंगणभर झाली असती.

"फुंकणी दाखवता, साहेब?"

नारायणरावांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुंकणी उघडली, पण हातात दिली नाही. हातभर लांबीची नळी, अंगठा जेमतेम जाईल एवढं भोक. कुठं तडा नाही, कुठं फुगवटा नाही. राजकुमारनं वाकून आत उजेड पाडला, वास घेतला. राखेचा वास होता. दारूचा, गंधकाचा, रॉकेलचा, कसलाच नव्हता.

"यात काही भरलं असतं तर आत चिकटून राहिलं असतं, साहेब. पांढरी-काळी पूड दिसली असती."

"जळून गेली असन."

"जळाली तरी मागं राहते. तेच तर मी शिकवतो."

नारायणरावांनी मान हलवली, पण जबाबाचा कागद काही फाडला नाही.

तेवढ्यात गोठ्याकडून चंद्रशेखर आला. गोकुळचा धाकटा भाऊ. वावर विकून चिखलीला मोबाईलचं दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात होतं आणि वच्छलाबाई सहीला तयार नव्हत्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक. गोठ्याच्या कोनाड्यात सुतळी बॉम्बचा पुडा होता, हेही कोणीतरी राजकुमारच्या कानात सांगून गेलं होतं.

"पुडा तुमचा?"

"हाव, माह्याच." चंद्रशेखरनं नजर चुकवली नाही. "हरभऱ्यात डुकरं पडून राह्यली. रोज एक-दोन फोडतो. तुमची बहीण सुटावी म्हनून आता मले अडकवता का, मास्तर?"

राजकुमारनं कोनाड्यातून एक बॉम्ब काढला आणि फुंकणीच्या तोंडाशी धरला. लिंबाएवढा गोळा. नळीत जाणं शक्यच नव्हतं. सुतळी सोडवून आतली दारू भरली असती तर फुंकणीनं ती सांगितलीच असती.

म्हणजे चंद्रशेखरही नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. एक संशयित कमी झाला की उरलेल्यावरचा फास आवळतो, आणि उरलेली त्याची बहीण होती. रिकाम्या नळीतून बार झाला होता. चुलीकडं नाही, बाईच्या तोंडाकडं. रिकाम्या नळीचा बार होत नसतो.

मग ती रिकामी नसेल. पण होतं काय तिच्यात?

३

गीताबाईंना बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. त्यांनी राजकुमारला चहा दिला आणि सारिकाचा उद्धार सुरू केला.

"म्हातारी चार महिन्यांत सुकून काडी झाली, सर. पदर खांद्यावर राहत नव्हता तिच्या. सून काही घालत असन अन्नात, मंग कशी जगन? मी भिंतीआडून सगळं आयकत होती."

"आज सकाळी काय ऐकलं, मावशी? फक्त आजचं सांगा."

"आज काय, रोजचंच. मी सडा टाकत होती. म्हातारीनं ढेकर देल्ला. आजकाल लय मोठे ढेकर द्यायची हो, अन् वास त काय सांगू, सडलेल्या अंड्याचा. मी नाकाले पदर लावला, अन् तेवढ्यात धाड."

"ढेकर आधी, की बार आधी?"

"ढेकर. म्हनूनच त पदर लावला ना." गीताबाईंना हा प्रश्न काही आवडला नाही. "तुम्ही ढेकराचं काय घेऊन बसले? बहिणीचं पाहा."

राजकुमार चहा तसाच ठेवून उठला. सारिका अजून उंबऱ्याशीच होती. तो तिच्यासमोर खाली बसला.

"सारे, सासूच्या तोंडाले आग लागो, असं म्हनली तू?"

"म्हनली." तिनं वर पाहिलं नाही. "दादा, सहा महिने झाले. संध्याकाळ झाली का भडभडून ओकायच्या. ओकल्या की बरं वाटे, अन् मंग गल्लीभर सांगायच्या, सुनेच्या हातचं पचत नाई. मी दोनदा यांना म्हनलं, आईले दवाखान्यात न्या. हे म्हनले, तू तिखट कमी टाक. काल त्यांनी ताट भिरकावलं माह्या अंगावर. मंग निघालं तोंडातून."

"काय ओकायच्या?"

"दादा, हे काय इचारनं झालं?"

"सांग. मले समजू दे."

"मंगळवारी मी हरभऱ्याची भाजी केल्ती, ओल्या पानांची. बुधवारी घरात दोन्ही वेळ खिचडीच होती. अन् बुधवारी संध्याकाळी ओकल्या त्याच्यात हरभऱ्याची पानं होती. जशीच्या तशी. मीच उचललं ना, मले दिसलं. कूस बदलली की पोटात पानी डचमळल्यासारखा आवाज यायचा."

हे राजकुमारला माहीत होतं. हे त्याच्याइतकं जिल्ह्यात फार थोड्या लोकांना माहीत असेल. जठरातून आतड्यात उतरायची वाट काहींची आवळत जाते. मग खाल्लेलं खाली उतरत नाही. दोन-दोन दिवस पोटातच साचून राहतं, आंबतं, आणि त्या आंबण्यातून वायू सुटतो. त्यात हायड्रोजनही असतो. डॉ. प्रेरणा जाधव अशा रोग्यांच्या पोटातला वायू नळीनं पिशवीत काढून आणायच्या, आणि त्यात हायड्रोजन किती, हे राजकुमार मोजायचा. हायड्रोजन, जो ठिणगीनंही पेट घेतो.

फुंकणी रिकामी नव्हती. तिच्यात वच्छलाबाईंचा ढेकर होता.

"सारे," तो म्हणाला, "तू काही केलं नाईस."

"ते मले सकाळपासून माहीत हाय," सारिका म्हणाली. "तुले आत्ता समजलं का?"

४

ऊन उतरायला लागलं होतं. राजकुमारनं डॉ. प्रेरणांना फोन लावला, दवाखान्याचं नाव सांगितलं आणि नारायणरावांना अक्षरशः हात जोडले. "साहेब, फक्त बुलढाण्यापर्यंत चला. माझं म्हणणं खोटं निघालं तर उद्या मीच तिला गाडीत बसवून देईन." नारायणराव कुरकुरत जीपमध्ये बसले. उंद्री ते चिखली आणि चिखली ते बुलढाणा हा रस्ता राजकुमारनं शेकडो वेळा तोडला होता. त्या दिवशी तो सरता सरेना.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वच्छलाबाईंचे थोरले भाऊ उत्तमराव बसले होते. जानेफळहून आलेले, अंगावर घोंगडी, डोळे कोरडे पण लाल. राजकुमार पाया पडला.

"आता शुद्धीत हाय," उत्तमराव म्हणाले. "पन बोलता येत नाई. लहानपणापासून तशीच हो ती रुख्मी. दुखलं-खुपलं कधी कोनाले सांगन तर शपथ."

"रुख्मी कोण, मामा?"

"हीच की. तुमच्या वच्छलाबाई. लग्नात नाव बदललं सासरच्यांनी. तांदळावर लिहिलं अन् झाली वच्छला. आमच्या जानेफळात तिले अजून रुख्मिणीच म्हनते सारं गाव." ते थांबले. "गेल्या महिन्यात नातवाच्या बारशाले आल्ती. तवा शाळेत तपासणीचं शिबिर होतं. माह्या घरच्या बाईनं ओढून नेलं तिले. नाव-गावही माह्या बाईनंच सांगतलं. नाकातून बारीक नळी टाकली, पिशवी भरून घेतली. डॉक्टरीनबाई म्हनल्या, कळवू. कोनंच कळवलं नाई. मंग तिलेही वाटलं, काही नसन. पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली."

राजकुमारच्या खांद्यावरच्या पिशवीत त्याचं नोंदींचं रजिस्टर होतं, सकाळी पेढ्यांबरोबर कौतुकानं आणलेलं. ते उघडायची गरज नव्हती, तरी त्यानं उघडलं.

नमुना क्रमांक एकवीस. रुख्मिणी, जानेफळ, वय अठ्ठावन्न. हायड्रोजन अडतीस टक्के.

त्यावर आडवी रेघ. आणि पुढं त्याच्याच अक्षरात दोन शब्द. पिशवी खराब.

लेखात घेतलेल्या बाकीच्या रोग्यांचे आकडे तीन, पाच, फार तर नऊ टक्के होते. आलेख कसा सरळ चढत गेलेला, डोळ्याला गोड. त्यात हा अडतीस मध्येच उभा राहिला, लेखाची शेवटची प्रत पाठवायच्या दोनच दिवस आधी. त्याच दुपारी प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाची पोरं जस्त आणि आम्ल घेऊन हायड्रोजन बनवत होती. राजकुमारनं मनाशी म्हटलं, तोच वायू पिशवीत शिरला असणार. पुन्हा मोजायला नमुना शिल्लक होता. तो त्यानं मोजला नाही. रेघ मारली.

ठरलेला नियम असा होता की दहाच्या वर आकडा गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शिबिरानंतर पुढच्या तपासणीसाठी प्रेरणांच्या माणसानं जानेफळात विचारलं होतं. गावातली आरोग्याचं काम पाहणारी आशाताई म्हणाली, गावात अशी रुख्मिणी कोणी राहत नाही. बरोबरच होतं. माहेरवाशीण गावच्या यादीत कशी सापडणार? पुढं शोधायचं की नाही, हे राजकुमारच्या आकड्यावर ठरणार होतं. आणि राजकुमारनं कळवलं, नमुना खराब.

काचेच्या दाराआड वच्छलाबाई पडल्या होत्या. ओठांवर फुंकणीच्या तोंडाएवढा गोल भाजला होता.

५

डॉ. प्रेरणा आल्या त्या सरळ खाटेपाशी गेल्या. तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या, वच्छलाबाईंच्या पोटावर दोन्ही हात ठेवून त्यांनी हळूच हलवलं आणि कान लावला. आतून पाण्याचा आवाज आला, नारायणरावांनाही ऐकू गेला.

"घागर डचमळल्यावानी वाटते," ते पुटपुटले.

"सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही यांच्या," प्रेरणा म्हणाल्या. "पोट एव्हाना रिकामं हवं होतं."

पोटात घातलेल्या नळीतून त्यांनी मोठ्या पिचकारीनं वायू ओढून घेतला. राजकुमारनं तो परीक्षानळीत भरला आणि तोंडावर अंगठा दाबला. आत प्राणवायूचे सिलिंडर असल्यानं सगळे दवाखान्याच्या मागं, गाड्या लावायच्या जागेत आले. तिन्हीसांज झाली होती.

"साहेब, काडी ओढा. लांब धरा."

नारायणरावांनी काडी ओढली. राजकुमारनं नळीचं तोंड ज्वालेजवळ नेऊन अंगठा काढला. टप्प असा आवाज झाला, नळीत निळसर झळक दिसली आणि काडी विझली. नारायणराव दोन पावलं मागं सरकले.

"एवढ्याशा नळीतला एवढा," राजकुमार म्हणाला. "सकाळी पोटभर होता. वच्छलाबाईंनी फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकताना ढेकर आला. गीताबाईंनी आधी ढेकर ऐकला, मग बार. त्यांच्या जबाबात टाकून घ्या. वायू नळीतून विस्तवापर्यंत गेला, तिथं पेटला आणि ज्वाला नळीतूनच उलटी तोंडात आली, बाहेर उसळली तिनं भुवया जळाल्या. म्हणून ओठांवर गोल डाग आहे आणि हातावर, पदरावर काही नाही. म्हणून राख हलली नाही. म्हणून फुंकणी आतून स्वच्छ आहे."

"अन् रात्री ती घासली ते?"

"रोज रात्री घासते. भांड्यांबरोबर."

नारायणरावांनी विझलेली काडी खाली टाकली. "म्हंजे कोनंच केलं नाई."

राजकुमार परीक्षानळी पुसू लागला. नारायणरावांनी तो होकार धरला. तिथल्या डॉक्टरांनी आणि प्रेरणांनी लेखी दिलं, आणि सकाळी नऊची गाडी उंद्रीला गेली नाही.

"एवढं चटकन कसं लक्षात आलं तुमच्या?" जाताना प्रेरणांनी विचारलं.

"सारिकानं ओकाऱ्यांचं सांगितलं."

हे खरं होतं. फक्त पुरतं नव्हतं. रजिस्टर खांद्यावरच्या पिशवीत होतं आणि ते कोणी मागितलं नव्हतं. मागणारही नव्हतं कोणी. बहीण सुटली होती. राजकुमारनं स्वतःला सांगितलं, आता बोलून कोणाचं भलं होणार आहे? आणि घरी जाऊन तो जेवलाही.

६

वच्छलाबाई रविवारी गेल्या. घसा सुजून बंद झाला आणि छातीत पाणी झालं. शरीर इतकं खंगलेलं होतं की शस्त्रक्रियेचा विचारही करता आला नाही.

मंगळवारी राख सावडून माणसं उंद्रीच्या ओसरीवर बसली होती. राजकुमार कडेला, उत्तमरावांशेजारी. बाया आत. पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवला होता, गावानंही तो मान्य केला होता. पण कोणालातरी धारेवर धरल्याशिवाय गावाला चैन पडत नाही.

"सहा महिने ओकत होती म्हातारी," गीताबाईंचा आवाज आतून आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "घरात सून असून तिले समजलं नाई? माणूस काय असं एका दिवसात मरते?"

ओसरीवरच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. म्हणजे सगळ्यांना ते पटलं होतं.

गोकुळ उठून आतल्या दाराशी गेला. "मले एकदा म्हनली असती तू," तो सारिकाला म्हणाला. रडवेला झाला होता. "एकदा."

"दोनदा म्हनलं होतं."

"खोटं नोको बोलू आता. माय गेली माही." त्यानं डोळे पुसले. "बॉम्ब नसन ठेवला, पन मारलं त तूच. चौदावा झाला की भावाबरोबर माहेरी जाय. पोरगी अथीच राहीन."

सारिकानं भांडायला तोंड उघडलं नाही. सहा महिने भांडून तिच्यातलं सगळं संपलं होतं. तिनं मांडीवरच्या पुष्पांजलीच्या केसांतून हात फिरवला, आणि राजकुमारला ते ओसरीवरून दिसलं. तिला तुरुंगाच्या तावडीतून सोडवलं म्हणून तो पाच रात्री शांत झोपला होता. सोडवली कुठं होती? फक्त जागा बदलली होती.

तो उठला. पिशवीतून त्यानं रजिस्टर काढलं.

"गोकुळराव, थांबा. तुमच्या आईचं दुखणं एका माणसाला आधीच कळलं होतं. महिन्याभरापूर्वी. तो मी."

त्यानं पान उघडून गोकुळच्या हातात दिलं, बोट ठेवून एकेक शब्द वाचला. रुख्मिणी म्हणजे कोण, हे उत्तमरावांनीच सांगितलं. अडतीस म्हणजे काय, नियम काय होता, पिशवी खराब नव्हती, पुन्हा मोजायला नमुना होता आणि तो का मोजला नाही, हे राजकुमारनं सांगितलं. काही गाळलं नाही. आलेख बिघडत होता, हेही सांगितलं.

"तुम्ही त्या दिवशी फोन केला असता," गोकुळनं अडखळत विचारलं, "त माय..."

"शोधली असती. पोट रिकामं करून, सलाईन लावून ताकद आणली असती, मग शस्त्रक्रिया. बहुतेक वाचली असती. निदान तिला चुलीपाशी बसू नका, एवढं तरी कोणी सांगितलं असतं." राजकुमारनं सारिकाकडं बोट केलं. "सारिकानं सहा महिने तिची घाण उचलली. दोनदा तुम्हाला सांगितलं. तुम्हाला आठवत नसेल, पण तिखट कमी टाक म्हणालात, ते तरी आठवतं का?"

गोकुळचा चेहरा उतरला. त्याला आठवलं होतं. आत गीताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

मग गोकुळनं रजिस्टर खाली टाकलं. "उठा," तो राजकुमारला म्हणाला. आवाज चढलाही नाही. "ह्या घरातून चालते व्हा, भाऊ. पुन्हा ह्या दारात दिसू नोका."

राजकुमारनं मान हलवली. हे होणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ते योग्यच होतं. तो पायरीकडं वळला.

"थांब, दादा," सारिका म्हणाली.

ती ओसरीवर आली होती, सगळ्या पुरुषमाणसांमधून, डोक्यावरचा पदर घसरलेला. तिनं खाली पडलेलं रजिस्टर उचललं होतं आणि पानं उलटत होती. भावाकडं पाहायला तिला जमत नव्हतं हे दिसत होतं.

"हे नऊ नंबर," ती म्हणाली. "हेही खोडलेलं हाय. चौतीस. अन् चौदा नंबर. ह्या कोन, दादा?"

राजकुमारनं वाकून खोडलेल्या ओळी पाहिल्या. महिनोन्महिने त्यानं ती पानं मागं उलटून पाहिली नव्हती.

"त्याही पिशव्या खराब?"

"मले... मले तसं वाटलं होतं."

"एक देऊळघाटची हाय, अन् एक अमडापूरकडची. हिच्यापुढं फोन नंबर हाय." तिनं रजिस्टर त्याच्यासमोर धरलं.

"मी त्याले घराबाहेर काढलं हाय," गोकुळ म्हणाला.

"काढा. मी नाई म्हनत नाई." सारिका नवऱ्याकडं वळली. "पन आधी अथी बसून फोन लावन तो. माह्यासमोर. चुलीपाशी कोनीतरी बसली असन आता."

गोकुळ बाजूला सरला आणि खांबाला टेकून बसला. आईमागं बाहेर आलेल्या पोरीला उत्तमरावांनी उचलून सारिकाच्या कडेवर दिलं, आणि कोणी ते अडवलं नाही.

राजकुमार पायरीवरच बसला. दोनदा आकडा चुकला. तिसऱ्यांदा पलीकडं घंटी वाजायला लागली, आणि अख्खी ओसरी ती ऐकत राहिली.